माझी चोवीस तासांची खोटी साक्ष

दचकू नका. कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, जुन्या बॅटऱ्यांच्या मागं जे पिवळं डबडं दिसतंय ना, तेच बोलतंय. डबडं म्हणा, माझी हरकत नाही. इथं धाराशिवच्या केंद्रात सगळे तसंच म्हणतात. पण कागदावर माझं नाव टेस्टर आहे, लाइन टेस्टर. एके काळी या जिल्ह्यातल्या निम्म्या टॉवरांची नाडी मी बघत होतो. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

लोकांना वाटतं, मोबाइल म्हणजे सगळा बिनतारी कारभार. रेंज गेली की फोन डोक्याच्या वर धरतात, जणू आभाळातून काही गळणार आहे. बोलणं तुटलं की आणखी जोरात ओरडतात. अहो, तुमचा आवाज टॉवरपर्यंत कधीच पोचलेला असतो! खरी गंमत त्याच्या पुढं आहे. टॉवरपासून जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत एक पक्की लाइन लागते. कुठं ती जमिनीत पुरलेली केबल असते, कुठं एका टॉवरच्या तबकडीवरून दुसऱ्या टॉवरच्या तबकडीकडं गेलेली असते. ही मागची लाइन कुणाला दिसत नाही, म्हणून तिची कुणाला आठवण नाही. ती आजारी पडली की मग माझी आठवण व्हायची.

माझं काम ऐकायला सोपं आहे. लाइनीच्या एका टोकाला मला जोडायचं. दुसऱ्या टोकाला एका माणसानं जायचं आणि जाणारी तार येणाऱ्या तारेला जोडून द्यायची. त्या जोडणीला लूप म्हणतात. बोटभर वायरचा तुकडा, बाकी काही नाही. मग मी एक आणि शून्य अशी ठरलेली आकड्यांची रांग पाठवायला लागतो. ती तिथवर जाते, लूपवरून वळते आणि माझ्याकडं परत येते. पाठवलेलं आणि आलेलं मी ताडून बघतो, आणि एक आकडा जरी बदलला तरी एक चूक मांडतो. विहिरीत वाकून हाक मारावी आणि आपली हाक जशीच्या तशी परत येते का ते ऐकावं, तसं. त्यात मला भीड नाही, मुरवत नाही. साहेब शेजारी उभा असला म्हणून मी एक चूक कमी दाखवली, असं कधी झालं नाही.

म्हणूनच जे झालं ते मला इतकं लागलं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. शेवटी एका बाईनं माझ्या पडद्यावरचा कागद सोलला, मी शून्य चुका दाखवल्या आणि तिनं मला खोक्यात घातलं, एवढंच. तिथून पुण्याला एका कंत्राटदाराकडं आलो. त्यांच्या साहेबांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं. किमती वस्तू आहे, कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम. दोन वर्षं मी तिथं शोभेला होतो. माणसांची ही एक तऱ्हा मला अजून कळलेली नाही. कामाची वस्तू आणायची आणि काम सोडून तिचं सगळं कौतुक करायचं!

तिथून सुटका केली ती रसूलनं. धाराशिव जिल्ह्याचं काम त्याच कंत्राटदाराकडं आलं आणि माझी पाठवणी तिथं लाइनी तपासणाऱ्या रसूलकडं झाली. रसूल तेव्हा चाळिशी ओलांडलेला, काटकुळा, बोलायला कमी. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. त्यानं मला हातात घेतलं, चारी बाजूंनी बघितलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर बाहीनं माझी धूळ पुसली. मी तिथंच त्याचा झालो.

माझ्या पिशवीची चेन वर्षभरात गेली. रसूलच्या बायकोनं, शरिफाबीनं, रिक्षाच्या गादीचं उरलेलं रेक्झिन आणून मला नवी खोळ शिवली. खोळ शिवली खरी, पण टोमणाही मारला. घरी आल्यावर नवरा माझ्याशी कमी आणि या डबड्याशी जास्त बोलतो, ही माझी सवतच म्हणायची, असं ती शेजारणींना सांगायची. तिचं खोटं नव्हतं. जेवायच्या आधी तो मला चार्जिंगला लावायचा, मग हात धुवायचा.

त्याच्या खांद्यावर मी सगळा जिल्हा पाहिला. ढोकीला साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांखाली केबल चिरडली जायची, तेव्हा तिथं. नवरात्रात तुळजापूरला माणसांना पाय ठेवायला जागा नसायची आणि लाइनींनाही नसायची, तेव्हा तिथं. आणि महिन्यातून एकदा तरी नळदुर्गकडची लाइन, कारण ती लांबची आणि नाजूक.

ती लाइन नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. धाराशिवच्या केंद्रातून ती नळदुर्गच्या हायवेकडेला असलेल्या आमच्या स्टेशनात यायची. स्टेशन म्हणजे पत्र्याची केबिन, एक टॉवर आणि कुंपण. तिथून तबकडीवरून तबकडीवर ती जायची कुरणवाडीच्या डोंगरावर. डोंगर काही फार मोठा नाही. पण शेवटचा चढ असा, की मोटारसायकल खालीच लावायची आणि गोट्यांतून पाऊण तास पायपीट करायची. कुरणवाडी आणि आसपासच्या चार वस्त्यांना त्या एका टॉवरशिवाय दुसरी रेंज नव्हती.

दोन्ही जागांची राखण एकच माणूस करायचा, बलभीमदादा. नळदुर्गचेच, डोक्या-कानांवरून गुंडाळलेली टापर, साठीच्या पुढचे, पण पाठ ताठ. रसूल धाराशिवला मला घेऊन बसायचा आणि बलभीमदादा डोंगरावर जाऊन लूप लावायचे. परीक्षा चालू असताना लाइन माझ्या ताब्यात असल्यामुळं डोंगरावर फोन लागायचा नाही. म्हणून दादा लूप लावून खाली यायचे आणि स्टेशनातून फोन करायचे, लूप लागला.

सुरुवातीला रसूल त्यांना तीन गोष्टी विचारायचा. लूप वरच्याच केबिनमध्ये लावला ना, जोडणीच्या पट्टीवर कितव्या रांगेत, कितव्या नंबरला. रीत तशीच आहे, आणि रास्त आहे. कारण लूप कुठं लागलाय ते मला कळत नाही. वाटेत कुठंही तार वळवून दिली तरी माझा आवाज गुमान परत येतो आणि मी खूश होतो. वर्षभर दादांनी उत्तरं दिली. मग एकदा फोनवरच म्हणाले, काय रसूलभाई, एवढ्या बारीला डोंगर चढलो, आजून भरवसा न्हाय व्हय? हसतच म्हणाले, पण रसूलला ते फार लागलं. बापाच्या वयाच्या माणसाची आपण पोलिसासारखी उलटतपासणी घेतो, असं त्याला वाटलं. त्या दिवसापासून त्यानं कानाला खडा लावला. पुढं दादा म्हणायचे लूप लागला, रसूल म्हणायचा बरं दादा, आणि मी कामाला लागायचो. पाच वर्षं असं चाललं आणि एकदाही काही बिघडलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चात कुरणवाडीहून ओरड सुरू झाली. दुपार झाली की बोलणं तुटतंय. सकाळी ठीक, संध्याकाळी ठीक, मधेच वाट लागायची. मोबाइल कंपनीच्या सोलापूरच्या मोठ्या ऑफिसनं सांगितलं, आधी लाइन चोवीस तास तपासा. लाइनीत दोष निघाला तर लाइन दुरुस्त करू, नाही निघाला तर टॉवरवरची मशीन खराब समजू.

रसूलनं मला केंद्रात जोडलं. नळदुर्गहून दादांचा फोन आला, लूप लागला. सकाळी दहाला मी सुरुवात केली. रसूल प्लास्टिकच्या स्टुलावर माझ्याशेजारी बसून राहिला, डबा तिथंच खाल्ला, सतरंजी तिथंच टाकली. दुसऱ्या दिवशी दहाला मी आकडा दाखवला. चोवीस तास, चुका शून्य.

इतकी स्वच्छ लाइन मी स्वतः क्वचित पाहिली होती. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण कौतुकाच्या वेळी कोण शंका काढतो? रसूलनं रिपोर्टवर सही केली.

त्या सहीवर विसंबून पुण्याहून मशीनवाले आले. डोंगरावर चौघांनी खांद्यावरून सामान चढवलं, मशीन बदलली, दोन दिवस उन्हात राबले. तिसऱ्या दिवशी दुपारी कुरणवाडीत पुन्हा बोलणं तुटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की दुसरं काय होणार?

आणि मग सगळ्यांची बोटं रसूलकडं वळली.

आमच्या धंद्यात एक लबाडी आहे, ती सांगायला मला लाज वाटते. तिला आम्ही घरचा लूप म्हणतो. दुसऱ्या टोकाला कुणाला पाठवायचंच नाही. आपल्याच टोकाला वीतभर वायर जोडून द्यायची, घरी जाऊन झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन शून्य चुकांचा रिपोर्ट धाडायचा. ऑफिसला वाटलं, रसूलनं तेच केलं. पत्र आलं की आठ दिवसांत खुलासा करा. रिपोर्ट खोटा ठरला तर पास रद्द. तो पास नसेल तर कुठल्याच कंपनीच्या टॉवरच्या कुंपणाआत पाऊल ठेवता येत नाही. पंचवीस वर्षं ज्यानं दुसरं काही केलं नाही, त्यानं मग करायचं काय? पण रसूलला पासापेक्षा दुसरी गोष्ट डाचत होती. पत्रात शब्द होता, 'खोटा'. तो त्यानं घरी चारदा वाचला.

शरिफाबीनं एकच विचारलं, चोवीस तास खरंच बसला होतात ना? तो म्हणाला, बसलो होतो. मग जेवा, म्हणाली ती.

मी खोळीत पडून सगळं ऐकत होतो. माझा जीव तीळतीळ तुटत होता. रसूलनं रिपोर्टवर सही केली ती माझ्या शब्दावर. साक्षीदार मी होतो. मी जे ऐकलं तेच सांगितलं, मग खोटं कोण बोललं, हे मला काही केल्या उमगत नव्हतं.

चौकशीला सोलापूरहून हर्षाली नावाची इंजिनिअर आली. पंचविशीतली, पाठीला सॅक, आल्या आल्या माठातलं पाणी स्वतः घेऊन प्यायली. रसूलला वाटलं होतं, ही पोर काय चौकशी करणार, वरून ठरवून आलेलं वाचून दाखवील. पण तिनं त्याला एक शब्द विचारला नाही. मला मागून घेतलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्या पोटातल्या जुन्या नोंदी उघडल्या. इतक्या वर्षांत माझ्या नोंदी कुणी उघडल्या नव्हत्या. लोक शेवटचा आकडा बघतात आणि मला बंद करतात.

ती म्हणाली, परीक्षा खरंच चोवीस तास चालली आहे, वेळ नोंदलेली आहे. मग तिनं आणखी एक आकडा बघितला. आवाजाला जाऊन परत यायला किती वेळ लागला, तो आकडा. तो मी दरवेळी मांडतो आणि दरवेळी कुणी बघत नाही. पापणी लवायला लागतो त्याचाही बारीक तुकडा असतो तो, पण मला कळतो. हर्षाली म्हणाली, काका, हा घरचा लूप नाही. घरचा असता तर वेळ जवळजवळ लागलाच नसता.

रसूल मला खोळीत घालायला उठला. पण ती थांबली नाही. याच लाइनीची सहा वर्षांपूर्वीची नोंद तिनं शोधून काढली आणि दोन आकडे शेजारी ठेवले. जुना आकडा मोठा होता. यंदाचा लहान. आवाज डोंगरापर्यंत गेलाच नव्हता. नळदुर्गच्या स्टेशनातूनच माघारी वळला होता.

मी चोवीस तास निम्म्या लाइनीची तारीफ करत बसलो होतो. जिथं दोष होता तिकडं मी गेलोच नव्हतो. आणि ते सांगणारा आकडा माझ्याच पोटात पडून होता; काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत. मला पडदा विझवून टाकावासा वाटला.

रसूलचा हात माझ्यावरच होता. तो त्यानं काढून घेतला. नळदुर्गच्या केबिनची किल्ली एकाच माणसाकडं असते, हे त्याला सांगायला कुणाची गरज नव्हती. हर्षालीनं विचारलं, तिथं लूप कुणी लावला? रसूलनं तिच्या वहीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मॅडम, तपासणारा मी होतो. माझंच नाव लिहा." ती म्हणाली, तुम्ही त्या दिवशी इथं होतात, हे हजेरीत आहे. तिथला माणूस लपवलात तर लोक म्हणतील दोघांनी मिळून केलं. रसूलनं एकच विनंती केली. फोनवर नको, समोर जाऊन बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नळदुर्गला गेलो. जीपमध्ये रसूलनं मला मांडीवर घेतलं होतं. रसूलच्या मनात काय चाललं होतं, ते मला त्याच्या मांडीवरून कळत होतं. पाच वर्षांचा भरवसा, आणि असा दगा? एकदा त्याची मूठ आवळली, मग सैल झाली.

बलभीमदादा केबिनच्या सावलीत बाजेवर बसले होते. एक पाय लांब केलेला, गुडघ्यावर रुईची पानं बांधलेली, वरून फडकं. आम्हाला बघून ते उठायला गेले आणि बाजेची कड धरून तिथंच थांबले. गुडघा उखळाएवढा सुजला होता. रसूलच्या खांद्याला मी दिसलो आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"रसूलभाई, लूप वर लागलाच न्हाय. म्या हितं लावला."

मग खाली बघत एकेक सांगत गेले. दिवाळीपासून गुडघा धरला होता. तरी दोनदा डोंगर चढले. त्या दिवशी अर्ध्या वाटेत गुडघा वळेना, तासभर दगडावर बसले आणि बसत बसत खाली आले. मनात म्हणाले, वायर तर तीच आहे, इथं लावला काय आणि वर लावला काय. फोनवर सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण महिन्यापूर्वीच कंत्राटदाराचा माणूस येऊन गेला होता, ज्याला चढता येत नाही त्याचं इथं काम नाही, असं बजावून. आणि रसूलभाईनं काही विचारलंही नाही. विचारलं असतं, कितव्या रांगेत, तर खोटं बोलवलं नसतं, असं ते म्हणाले. मशीनवाले आले तेव्हाही बोलायचं होतं, पण तोवर पाणी डोक्यावरून गेलं होतं.

मला वाटलं, आता रसूल उखडणार. त्याचा हक्क होता. हर्षालीनंही वही मिटून धरली. तो बाजेवर दादांच्या शेजारी बसला. पान सरकलं होतं ते त्यानं नीट केलं, फडक्याची गाठ पुन्हा बांधली.

"दादा, सा वर्सं म्या तुमाला येकच इचारत आलो, लूप लागला का. गुडघा कसा हाय, ते येकदाबी इचारलं न्हाय."

दादांनी टापरच्या टोकानं डोळे पुसले. "इचारलं असतं तरी बराच हाय म्हनलो असतो," ते म्हणाले. "चढवत न्हाय म्हनल्यावर कोन ठिवतंय कामावर?"

मी लाइनींचे दोष शोधणारा. बाजेवर बसलेल्या माणसाला कुठं दुखतंय, हे ऐकायची तार माझ्याकडं नाही.

मग कामाला लागायचंच होतं. रसूल लूप घेऊन स्वतः डोंगर चढला. निघण्याआधी त्यानं मला नळदुर्गच्या केबिनमध्ये जोडलं, म्हणजे आता फक्त शेवटचा तुकडा तपासायचा. हर्षाली माझ्यासमोर बसली आणि तिनं दादांनाही खुर्ची दिली. इतकी वर्षं लूप लावले, पण दादांनी माझा पडदा पहिल्यांदा बघितला. साडेअकराला माझा दिवा हिरवा झाला. रसूल पोचला होता.

बारा वाजले, चुका शून्य. साडेबारा, शून्य. दादांचा चेहरा काळवंडला. लाइन इथंही स्वच्छ निघाली तर रसूलची कुठलीच गोष्ट कुणी मानणार नव्हतं. मी जीव कानात आणून ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं, एक तरी चूक सापडू दे.

एक वाजून दहा मिनिटांनी पहिली चूक आली. मग चार. मग एकदम तीस. दोनच्या सुमाराला ऊन तापलं तसे माझे आकडे धावायला लागले. दादा प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होते. हर्षालीनं फोटो काढले, वेळ लिहिली. माझ्या पडद्यावर एवढ्या चुका कधी नव्हत्या, आणि मला त्यांची लाज वाटली नाही. डोंगरावरच्या टॉवरला तबकडीच्या केबलचा एक सांधा उन्हानं ढिला होत होता, संध्याकाळी पुन्हा बसत होता. दुसऱ्या दिवशी टॉवरवर चढणारी माणसं आली, त्यांनी सांधा बदलला. कुरणवाडीची दुपार सुधारली.

रिपोर्ट लिहायची वेळ आली तेव्हा दोघं भांडले. दादा म्हणत, माझं नाव घाला. रसूल म्हणे, जागा विचारायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही, तेवढंच लिहा. हर्षालीनं दोघांचंही ऐकलं आणि दोन्ही लिहिलं. वर आणखी एक ओळ घातली, की या माणसाला डोंगर चढणं शक्य नव्हतं आणि ते कुणीही विचारलं नव्हतं, ऑफिसनंसुद्धा नाही. ती ओळ वरच्यांना आवडली नाही, असं पुढं कळलं. पण राहिली.

'खोटा' हा शब्द मागं घेतला गेला. पास राहिला. मात्र वर्षभर रसूलला रिपोर्टवर सही करायला बंदी झाली. तो तपासायचा आणि खाली सही दुसऱ्याची. चूक आपली होती, असं म्हणून त्यानं ते निमूट सोसलं. सोपं नव्हतं ते, मी बघत होतो. दादांना डोंगराचं काम काढून फक्त नळदुर्गच्या स्टेशनावर ठेवलं, कारण हर्षाली त्यासाठी तीनदा ऑफिसात जाऊन बसली.

आता ते सगळं मागं पडलं. कुरणवाडीपर्यंत फायबर गेलं. लूप लावायला कुणी डोंगर चढत नाही. खुर्चीत बसून बटण दाबलं की लाइन स्वतःच वळते आणि स्वतःच हिशेब देते. रसूलची सही परत मिळाली, पण माझी गरज उरली नाही. माझी बॅटरी अर्धा तासही तग धरत नाही, पडद्याचा एक कोपरा काळा झालाय. भंगाराची गाडी आली की मी जाईन. त्याचं दुःख नाही. एवढं एक मागणं आहे. कुणाचंही काम तपासायला बसाल आणि समोर शून्य चुका दिसतील, तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी पलीकडच्या माणसाला दोन गोष्टी जास्त विचारा. त्याला राग येईल. येऊ द्या.

रसूल अजून रोज सकाळी केंद्रात येतो आणि कपाटाशेजारच्या टेबलावरून नळदुर्गला फोन लावतो. काम काही नसतं. विचारतो, दादा, गुडघा कसा हाय? आणि तिकडून रोज एकच उत्तर येतं, बरा हाय. दोन वर्षं झाली, बरा हाय, बरा हाय. माझ्या चोवीस तासांसारखं स्वच्छ. रसूल ऐकून घ्यायचा आणि फोन ठेवायचा.

काल त्यानं विचारलं आणि पलीकडून उत्तर आलंच नाही. मला वाटलं, लाइन तुटली. जुनी सवय, मी कान टवकारले. मग दादांचा आवाज आला.

"खरं सांगू का रसूलभाई? लई दुखतोय. रातच्याला झोप न्हाय."

रसूलचा चेहरा असा उजळला की समोरच्याला वाटावं, आनंदाची बातमी आली. त्यानं हर्षालीला फोन करून सोलापूरच्या हाडांच्या डॉक्टरचं नाव विचारून घेतलं, माझ्या कपाटाला कुलूप घातलं, आणि साडेअकराच्या गाडीनं दादांना त्या डॉक्टरकडं न्यायला नळदुर्गला गेला.